न मोडलेली घडी

आमच्या लातूरच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्यातलं कापड कधीच कुणाच्या अंगाला लागत नाही. सासूबाई त्याला देण्याघेण्याचं कपाट म्हणतात. दार उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा भपकारा येतो आणि त्याच्यामागून दुसरा वास, बंद प्लॅस्टिकचा, सुकलेल्या हळदकुंकवाचा, वर्षानुवर्षं हवा न लागलेल्या सुताचा. लग्न करून आले त्या वर्षी या वासाने मला इतकं मळमळलं, की घरातल्या बायकांनी परस्पर बारशाची नावं काढायला सुरुवात केली होती.

आत टॉवेल, टोप्या, ब्लाउजपीस आणि साड्या. टॉवेल असे की त्यांनी बशी पुसली तरी बशी ओलीच राहावी. टोपी घालणारे आमच्या घरात आता फक्त भिंतीवरच्या फोटोंत उरलेत, तरी टोप्यांची चळत वरच्या फळीला टेकलीय. आणि साड्या तर विचारूच नका. वास्तुशांतीत मिळालेली साडी बारशात द्यायची, बारशातली लग्नात, लग्नातली डोहाळजेवणात. घडी मोडायची नाही. पिशवीतून बाहेर काढायचीसुद्धा नाही, हळदकुंकवाचं बोट पिशवीवरच टेकवायचं. सासूबाई प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घालतात, 'उदगीरची मामी', 'औशाचे व्याही' अशी. कारण ज्याची साडी त्यालाच परत गेली तर चार लोकांत नाचक्की. साडी कशी आहे, कुणाला शोभेल, कुणाच्या हातची आहे, ही चौकशी कुणी करत नाही.

मला किळस येते या सगळ्याची. पण लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते, की त्या कपाटाची दुसरी किल्ली बावीस वर्षं माझ्याकडेच आहे.

मी राहते नांदेडला. नवऱ्याची नोकरी इथली आणि सासर लातूरचं, त्यामुळे महिन्यातून दोनदा बस ठरलेली. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बंगाली जोडपं राहायला आलं. तो रेल्वेच्या कार्यालयात कामाला, बदली होऊन आलेला. ती बीरभूमच्या बाजूची, बाटिक करणारी. मूलबाळ नव्हतं. अख्खी इमारत तिला तोंडावर दीदी म्हणायची आणि पाठीमागे मासळीवाली.

आमचं घर शिवभक्तांचं. गळ्यात लिंग, घरात अंड्याचा शब्दसुद्धा कुणी काढत नाही. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले ती भांडायलाच. जिन्यातून तीन दिवस जळक्या मेणाचा वास खाली येत होता, माझ्या पिठात, माझ्या अंथरुणात, केसांत. वर गेले तर दार सताड उघडं. दीदी पाटावर बसलेली, पुढे छोट्या शेगडीवर मेणाचं पातेलं, मांडीवर ताणून धरलेलं कापड, हातात ब्रश. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "थांब. मेण गरम हाय. आत्ता बोललीस तर रेघ हालंल."

मी थांबले. भांडायला आलेल्या बाईने दारात अर्धा तास उभं राहावं हे मला शोभणारं नव्हतं, पण राहिले.

तिचं मराठी असंच होतं. भाजी बाजारात शिकलेलं, 'लई' आणि 'हाव ना' असलेलं, मध्येच हिंदी. आमच्या इमारतीतल्या पुण्याला जाऊन आलेल्या बायका तिच्यासमोर 'अहो' आणि 'बरं का' करत कृत्रिम बोलायच्या आणि मग तीच कशी अडाणी बोलते म्हणून हसायच्या.

काम असं असतं. पांढऱ्या सुती कापडावर जिथं पांढरं राहायला हवं तिथं गरम मेण भरायचं. मग कापड पिवळ्या रंगात बुडवायचं. जिथं पिवळं ठेवायचं तिथं पुन्हा मेण. मग तांबडा रंग, पुन्हा मेण, आणि शेवटी सगळ्यात गडद रंग. त्यानंतर कापड उकळत्या पाण्यात घालून सगळं मेण काढून टाकायचं. तेव्हा कुठं कळतं आपण काय केलंय. तोवर हातात असतो एक कडक, चिकट, मळकट पापुद्रा, हातात धरवत नाही असा. आणि त्यातली खरी गोष्ट भेगांची. शेवटच्या रंगाआधी मेण थंड करून कापड मुठीत चुरगाळायचं. मेणाला बारीक भेगा पडतात, रंग त्या भेगांतून आत शिरतो आणि कापडभर केसाएवढ्या रेषांचं जाळं उमटतं. दीदी म्हणायची, चित्र कुणीबी काढंल, भेग काढता आली पायजे.

पण नांदेडच्या उन्हाळ्यात मेणाला भेगा पडतच नाहीत. एप्रिलात ते कापडावर लोण्यासारखं मऊच राहतं. दीदीने यावर उपाय काढला होता. मेण भरलेलं कापड पॉलिथिनमध्ये गुंडाळून ती फ्रिजमध्ये ठेवायची. खालच्या कप्प्यात कापड, वरच्या कप्प्यात मासळीचा डबा. मी ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. नवऱ्याने विचारलं, आत्ता कसली आंघोळ, तर म्हटलं उकडतंय फार.

तरी मी दुसऱ्या दिवशी गेले. मग जातच राहिले, सात वर्षं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. का गेले ते नीट सांगता येणार नाही. आमच्या घरात बायकांचे हात स्वयंपाकाला आणि देवाच्या कामाला. या बाईचे हात स्वतःच्या मर्जीने चालत होते आणि कुणाची परवानगी विचारत नव्हते, ते बघायला मला आवडायचं. ती मला कधी कौतुकाने काही बोलली नाही. माझी रेघ वाकडी गेली की कापड ओढून घ्यायची. "डोकं कुठं ठिवून आलीस? काय करून राहिली तू?" म्हणायची. मला तेही आवडायचं.

आणि या सात वर्षांत मी तिच्या घरचं पाणी प्यायले नाही. माझी बाटली घेऊन जायची. तिला सांगितलं होतं, डॉक्टरांनी कोमट पाणी प्यायला सांगितलंय. सात वर्षं कोमट पाण्याचं पथ्य पाळणारी मराठवाड्यातली मी एकटीच रोगी असेन. ती हसून म्हणायची, "चहा तरी घे गं, चहात मासा नसतो." मी म्हणायची, पुढच्या वेळी. आज हे लिहिताना त्या बाटलीची मला लाज वाटते आणि त्या लाजेचीही किळस येते, कारण ती इतक्या उशिरा आली.

नांदेडमध्ये तिच्या कामाचं काय व्हायचं ते सांगते. एका कॉलेजच्या हॉलमध्ये तिने एकदा कापडं मांडली होती. येणारे लोक लांबूनच म्हणायचे, "प्रिंट भारी हाय, मीटरनं मिळंल का?" आमच्या इमारतीतली एक बाई म्हणाली, "दीदी, मला एक ओढणी करून द्या ना, पण बिनभेगांची." बाजारात तर मशीनवर छापलेलं बाटिक मिळतं, भेगासुद्धा छापलेल्या. एकदा मी तिला दुकानात घेऊन गेले तर तिने एक साडी उलटी केली. मागची बाजू पांढरीफट्ट. दुकानदाराच्या तोंडावर म्हणाली, "हे बघ, खोटं काम उलटीकडून कळतं." दुकानदाराने पंखा बंद करून आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला. बाहेर येऊन ती खूप हसली, मी मात्र कुणी ओळखीचं बघतंय का ते बघत होते.

लातूरला सासऱ्यांनी नवं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला मी दीदीला बोलावलं. बोलावणं मनापासूनचं होतं. ती नवऱ्याला घेऊन बसने आली आणि माझ्यासाठी साडी आणली. चार महिने त्या साडीवर ती बसली होती, मुद्दाम हिवाळ्यात, म्हणजे भेगा फ्रिजशिवाय पडाव्यात. गडद तपकिरी-निळं अंग आणि पदरभर कापसाची बोंडं. हदगावच्या बाजूला बसमधून जाताना तिने कापसाची शेतं पाहिली होती, ती. बोंडांचा पांढरा म्हणजे कापडाचा मूळ पांढरा, तीन रंगांच्या बादल्यांतून जाऊनही रंगाचा थेंब न लागलेला. मी ती साडी तिच्या घरी होताना पाहिली होती. घडी घालून तिने पिवळ्या दोऱ्याचे दोन कच्चे टाके घातले होते आणि मला म्हणाली होती, "हे तूच तोड. दुसऱ्या कुनाला घडी मोडू देऊ नको."

वास्तुशांतीत ती दोघं शेवटच्या पंगतीला बसली. वाढणाऱ्या माझ्या चुलत जावेने त्यांच्या पानात भाजी एक वीत उंचावरून सोडली. ही दोघं मासळी खातात ही कुजबूज तोवर सगळ्या स्वयंपाकघरात पोचली होती. दीदीच्या नवऱ्याने पानातलं वर न बघता संपवलं. दीदीने दोनदा पुरणपोळी मागून घेतली आणि मोठ्याने म्हणाली, "लई छान हाय." मला तेव्हा त्या जावेच्या हातातली पळी हिसकावून घ्यायला हवी होती. मी तूप वाढत होते.

संध्याकाळी सासूबाई आहेर लावायला बसल्या. दीदीची साडी हातात आल्यावर त्यांनी वरचा पदर जरा उचलून पाहिला.

"भेगाळलंय की गं समदं. रंग फुटलाय."

"ते तसंच असतं आत्या. मुद्दाम करतात."

"मुद्दाम भेगा पाडत्यात? नव्या घरात?" त्यांनी साडी एका दुकानाच्या जाड पिशवीत सरकवली, चिठ्ठी लिहिली 'नांदेडची बंगालीन' आणि कपाटात ठेवली. "वास बी येतोय कसला तरी."

साडी माझी होती. हात पुढे करून घ्यायची होती, इतकंच. पण समोर सगळ्या जावा-नणंदा बसलेल्या, आणि खरं सांगायचं तर त्या काठपदराच्या गर्दीत मला ती नेसून उभं राहायचं धैर्यच नव्हतं. वास येतोय म्हटल्यावर मीसुद्धा नाक जवळ नेलं नाही, लांबूनच मान हलवली. घरात तीन दिवस पाहुणे होते, त्या गडबडीत मी दोनदा त्या कपाटासमोरून गेले आणि किल्ली कमरेलाच ठेवली.

चार महिन्यांनी कपाट उघडलं तर साडी नव्हती. सासूबाईंनी ती किल्लारीच्या बहिणीला कुठल्याशा ओटीत देऊन टाकली होती. मला राग यायला हवा होता. मला हायसं वाटलं. आता नेसायचा प्रश्नच मिटला, असं वाटलं. माणूस किती घाणेरडं हायसं वाटून घेऊ शकतो ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं, पण ते पुष्कळ नंतर कळलं.

पुढच्या मंगळवारी दीदीने विचारलं, "नेसली का?"

"हो तर. चुलत नणंदेच्या लग्नात."

ती ब्रश खाली ठेवून बघत राहिली. तिला आणखी ऐकायचं होतं. मी आणखी दिलं. "सगळ्या विचारत होत्या, कुठं मिळेल म्हणून. तिघी-चौघी तर मागेच लागल्या."

"तिघी का चौघी?"

"तिघी," मी म्हणाले.

लाच घेणाऱ्याला घेताना काही वाटत नाही म्हणतात. मलाही काही वाटलं नाही. उलट एखाद्याला बरं वाटेल असं बोलल्याचं समाधान वाटलं. दीदी उठली, आतून नवं कापड घेऊन आली आणि त्याची खळ काढायला बादलीत भिजत घातलं. तिने तीन साड्या करायला घेतल्या, लातूरच्या तीन बायकांसाठी. कुठल्या बायकांसाठी, ते देवालाच माहीत.

त्याच वर्षी तिचा नवरा निवृत्त झाला. त्याला गावी जायचं होतं. बीरभूमकडे त्याच्या भावाचं घर होतं, मागे तळं होतं, तळ्यातल्या मासळीची गोष्ट तो इमारतीतल्या शाकाहारी लोकांनासुद्धा हात लांब करून सांगायचा. सामान बांधायची खोकीसुद्धा त्याने आणून ठेवली होती. एके दिवशी सकाळी दीदी माझ्या दाराशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"खरं सांग मला," ती म्हणाली. "त्या तिघी घेणार हायत का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं काम नेसायला मागून राहिलं. घेणार असतील तर मी ह्यांना थांबा म्हणते. न्हाईतर आजच खोकी भरते."

माझ्या हातात दाराची कडी होती. ती जायला मला नको होती, हे खरं आहे. मंगळवार-शुक्रवार गेले असते तर माझ्याकडे काय उरलं असतं? पण तेवढंच असतं तर मी तेच बोलले असते, दीदी जाऊ नका, माझ्यासाठी राहा. मी तसं बोलले नाही. मला पकडली जायची भीती वाटली. साडी कुठं आहे, ती कुणी नेसली, असं विचारलं असतं तर?

"घेणार," मी म्हणाले. "लग्नसराई येऊ द्या."

त्यानंतर दोन वर्षं लग्नसराई येत होती. पहिली साडी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मी दर वेळी काहीतरी सांगायची. एकीच्या घरी सुतक होतं, दुसरी मुलाकडे गेली होती, तिसरीचं ऑपरेशन झालं. तिघी बायका मी चांगल्या जोपासल्या. त्यांना आजार दिले, नातवंडं दिली. तिचा नवरा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा, पायाशी ती रिकामी खोकी. जिन्यात भेटला की हसून विचारायचा, "वो लातूरवाली लेडीज लोग कब आएँगी?" मी म्हणायची, लग्नसराईत. तो मान हलवायचा आणि वर जायचा. त्याने माझ्या डोळ्यांत बघून कधी विचारलं नाही. त्याच्या त्या हसण्याचा मला राग यायचा. चोराला येतो तसला राग.

मागच्या दिवाळीच्या आधी तो गेला. सकाळी भाजी आणायला निघाला आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर बसला तो उठलाच नाही.

इमारतीतल्या बायकांनी ठरवलं, दीदीचं माहेर लांब, सासर लांब, तर तेराव्याला दुखवटा आपणच करायचा. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला तेराव्याला जवळची माणसं साडी आणतात आणि ती तिच्या अंगावर पांघरतात. दीदीला हा प्रकार माहीत नव्हता. कुणीतरी तिला सांगितलं, ती नुसती हो म्हणाली. मी लातूरला फोन लावला.

"आत्या, दुखवट्याला एक साडी पाहिजे. गडद रंगाची बघा."

"हाय की एक. लई काळपट हाय, कुनाच्याच कामाची न्हाई. हदगावकडून आलेली."

नवरा त्या आठवड्यात लातूरला गेला होता, तो पिशवी घेऊन आला. जाड, दुकानाची, वरून पिना मारलेली पिशवी. मी उघडून पाहिली नाही. आमच्यात उघडून बघत नाहीत.

तेराव्याच्या दुपारी दीदी भिंतीला टेकून चटईवर बसली होती, पांढऱ्या साडीत. बायका एकेक करून पुढे जात होत्या, खांद्यावर साडी ठेवत होत्या, डोळ्यांना पदर लावत होत्या. माझी पाळी आली. मी तिच्यासमोर बसून पिना काढल्या. पिशवीवर हळदकुंकवाचे कितीतरी ठसे होते, एकावर एक, सुकून तपकिरी झालेले, नखाने निघतील असे. आत चिठ्ठी होती, 'हदगावचे पाहुणे'. मी चिठ्ठी मुठीत घेतली, साडी अर्धी बाहेर काढली आणि पिवळे टाके दिसले.

दोन्ही जसेच्या तसे होते.

मला ती परत पिशवीत ढकलायची होती, पण दीदीचा हात कापडाला लागला होता. तिचे हात कापडावर विचार न करता चालायचे. तिने कड उलटून मागची बाजू पाहिली. मग खालची कड चाचपली. फॉल नव्हता. फॉल न लावता कुणी साडी नेसत नाही, एवढं नांदेडमध्ये तिलाही कळत होतं. मग तिने टाक्यांवरून अंगठा फिरवला, एकदा आणि परत एकदा, आणि माझ्याकडे पाहिलं.

"पांघरा ना लवकर," मागून खालच्या मजल्यावरची वहिनी म्हणाली. "बाकीच्या खोळंबल्यात."

आणि मी ती पांघरली. हे मी इथं लिहिते आहे ते स्वतःला माफी मिळावी म्हणून नाही. लिहिलं नाही तर मी उद्या ही गोष्ट कुणाला तरी वेगळी सांगेन, सासूबाईंच्या माथी मारून, म्हणून लिहिते. माझ्यासाठी चार महिने बसून केलेली साडी मी माझ्या हातांनी तिच्या नवऱ्याच्या दुखवट्याची म्हणून तिच्या खांद्यावर टाकली, नीट केली, आणि डोळ्यांना पदरही लावला.

दुसऱ्या दिवशी फोनवर फोन करून मी साडीचा माग काढला. किल्लारीच्या मावशी म्हणाल्या, "वरच्याच घडीवर भेगा बघितल्या अन् काळजात धस्स झालं गं पोरी. आमच्या भिंती तशाच फुटल्या व्हत्या भूकंपाच्या आदी. दुसऱ्याच दिवशी हदगावच्या विहिनीला देऊन टाकली." मावशींना मी काय बोलू? त्यांनी निदान पाहिलं तरी होतं. हदगावच्या बाईंच्या दाराशी कापसाचं रान आहे. त्यांच्या रानातली बोंडं पदरावर होती, पण त्यांनी पिशवी हातात घेतली तशीच लोकाच्या हातात दिली. माझ्या पुतण्याच्या बारशाला हदगावच्याच पाहुण्यांकडून ती फिरून लातूरच्या कपाटात आली. सासूबाईंना सांगितलं तर त्या उखडल्याच. "चिठ्ठी बराबर व्हती की! हदगावची म्हनूनच लिवलं व्हतं. माजी काय चूक?" त्यांची चूक नव्हतीच. हिशेब चोख होता. इतकी माणसं, इतके हात, आणि एकानेही साडी उलगडून पाहिली नाही. फोन ठेवल्यावर मला खरोखरच ओकारी आली, मोरीत जाऊन बसले. पण या बायकांच्या नावाने बोटं मोडता मोडता आठवलं, की त्या कुणालाही दीदीने सांगितलं नव्हतं, तूच टाके तोड म्हणून.

आठ दिवस मी वर गेले नाही. नवव्या दिवशी गेले, सकाळी दहाच्या सुमाराला. दार उघडंच होतं. दिवाणावर तीन साड्या एकावर एक ठेवलेल्या, त्या तिघींच्या. बाजूला चौथी, माझी, अजून तशीच घडीत. दीदी खोक्यांना सुतळी बांधत होती. भाच्याने तिला न्यायला यायचं ठरलं होतं.

मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, सासूबाई, कपाट, किल्लारी. तिने हात वर करून थांबवलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "एक सांग. त्या तिघींतल्या एकीनं तरी विचारलं होतं का?"

खोटं तोंडाशी तयार होतं. दोन वर्षांच्या सवयीने ते आपोआप वर आलं होतं, आजारांसकट, नातवंडांसकट.

"नाही," मी म्हणाले. "त्या तिघी नाहीतच. मी कधी नेसलेच नाही."

तिने सुतळीची गाठ मारून झाल्यावर दाताने ती तोडली. रागावेल, रडेल, निदान बाहेर हो म्हणेल, म्हणून मी वाट बघत उभी होते.

"हे बी तेच म्हणायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, ती बाई तुला बरं वाटावं म्हणून बोलते, लातूरला कुणी न्हाई, चल गावी. मी लई भांडायची त्यांच्याशी. म्हणायची, या गावात सगळे तोंडावर गोड बोलतात, पन ती न्हाई. ती खोटं न्हाई बोलायची माझ्याशी."

ती दुसऱ्या खोक्याकडे वळली.

"गेले त्या दिवशी सकाळी बी आमी त्याच्यावरूनच भांडून राहिलो होतो. म्हनून तर भाजी आणायला ते एकटे निघाले."